उपासमारीचं खापर लोकसंख्येवर कशाला?

संपादक साहेब,

परवा तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं की जगात माणसंच जास्त झालीत म्हणून लोक उपाशी मरतात. पारावर पण हेच ऐकायला मिळतं, पण हिशोब काही जुळत नाही. युनोच्या 2025 च्या रिपोर्टमध्ये उपाशी लोक साधारण 67 कोटी, आणि जगात धान्य पिकतं वर्षाला 280 कोटी टन, म्हणजे माणशी रोजचं जवळपास किलोभर (त्यातलं कितीतरी जनावरांना आणि इथेनॉलला जातं, तो विषय वेगळा). आशियात उपाशी लोकांचा आकडा कमी होतोय, आफ्रिकेत मात्र वाढतोय, तिथं पाचातला एक उपाशी.

आता आफ्रिकेतलं सुदान बघा. तिथल्या गेझिरा भागात निळ्या नाईलच्या पाटाचं पाणी 20 लाख एकरांवर फिरतं, तीळ आणि शेंगदाणा एक्सपोर्ट करणारा देश आहे तो. एप्रिल 2023 ला लष्कर आणि आरएसएफ या निमलष्करी फौजेची जुंपली, शेतकरी शेतं सोडून पळाले, गोडाऊनं लुटली, आणि ऑगस्ट 2024 ला पश्चिमेकडच्या दारफुर भागातल्या झमझम या विस्थापितांच्या कॅम्पमध्ये लोक भुकेनं मरतायत हे तज्ज्ञांच्या कमिटीला अधिकृतपणे जाहीर करावं लागलं. त्याच दारफुरमधल्या एल फाशर शहराला तर वर्षाच्या वर वेढा होता, आत ट्रकच जाऊ देईनात, तेव्हा लोकांनी अंबाझ खाऊन दिवस काढले. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याची पेंड हो, आपण म्हशीपुढं टाकतो तीच!

1943 ला बंगालमध्ये लाखो लोक गेले, आणि अमर्त्य सेन यांनी आकडे काढून दाखवलं की त्या साली धान्य 1941 पेक्षा कमी नव्हतंच, भाव भडकले आणि मजुराच्या हातात पैसा नव्हता. उलट आपल्याकडे 72 ला पीक खरोखरच बुडालं होतं, पण सरकारनं खडी फोडायची, पाझर तलावांची कामं काढली, मे 73 ला जवळपास 50 लाख माणसं कामावर होती, मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, हाल बेक्कार झाले पण बंगालसारखी प्रेतं रस्त्यावर पडली नाहीत. लोकसंख्या तेव्हा काय कमी होती का?

तुमच्या पेपरात सुदानची बातमी आली तर आतल्या पानावर चार ओळी. वेढा कोणी घातला, ट्रक कोणी अडवले, बंदुका कुठून येतात, हे जरा सविस्तर छापा की.

आपला एक वाचक,
बार्शी