कंपाउंडच्या भिंतीचा गिलावा : सभासदांसाठी सूचना

कंपाउंडच्या मागच्या बाजूच्या, ब्लॉकनी बांधलेल्या भिंतीचा गिलावा सुटलाय. ठोकून पाहा, पोकळ वाजतो. सोमवारपासून तो फोडून नव्यानं करणार आहोत. मिस्त्रीला नावं ठेवून झाली असतील तर खरं कारण ऐका. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या कोरड्या ब्लॉकनी सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकलं, सिमेंटनं धरलंच नाही. या वेळी ब्लॉक आदल्या दिवशी भिजवायचे. मात्र लावताना भिंत ओलसर हवी, पाणी ओघळणारी नको. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी. गिलावा दोन थरांत, मिळून 20 मिमी. नंतर किमान 7 दिवस भिंतीवर गोणपाट टाकून ते ओलं ठेवायचं. टँकरवर दिवस काढणाऱ्या आपल्या लातूरकरांना हे जड जाईल, ठाऊक आहे. तरी बोअरचं खारं पाणी मारू नका, पांढरे डाग उमटतात. भिंतीलगतच्या गाड्या, कुंड्या रविवारीच हलवा.

– सचिव