घोळणा फुटला म्हणून सुरू झालं... नानांसाठी मंडळाचं आवाहन

नमस्कार मंडळी, मंडळाकडून वर्गणीची पावती घेऊन पोरं आली की दार हळूच लोटून घेणारे पण आपल्यात आहेत हे माहितीय 😀 पण ही वर्गणी गणपतीची नाही, जरा वेळ काढून शेवटपर्यंत वाचा.

आपले नाना, एसटीचे रिटायर्ड कंडक्टर, कराड चिपळूण लाइनला कुंभार्ली घाटात आयुष्य गेलं, वय 71. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा घोळणा फुटायला लागला. उष्णता झाली म्हणून काकूंनी कांदा हुंगायला दिला, गुलकंद दिला, डोक्यावर पाणी मारलं, आपण सगळ्यांनीच तेच सांगितलं असतं. मग पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा लोक म्हणले शुगर असेल, शुगर नॉर्मल आली. थकवा यायचा तो वयामुळं. डोळ्याला अंधुक दिसायला लागलं म्हणून मोतीबिंदूच्या शिबिरात गेले आणि तिथल्या डॉक्टर मॅडमनी डोळ्याचा पडदा बघून सांगितलं, बाबा हा मोतीबिंदू नाही, आतल्या शिरा फुगल्यात, आधी रक्त तपासा. त्या मॅडमचे उपकार मानावे तेवढे थोडे.

रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन पावणेआठ आणि ईएसआर (नळीत लाल पेशी किती वेगानं खाली बसतात ते मोजतात ती टेस्ट) शंभरच्या वर, म्हणजे खूपच जास्त. पुण्याला पाठवलं, तिथं रक्तातल्या प्रोटीनची इलेक्ट्रोफोरेसिस (कुठलं प्रोटीन किती ते वेगळं करून बघणं), बोनमॅरो म्हणजे हाडातला मगज, जीनची टेस्ट असं सगळं होऊन नाव कळलं, वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया. म्हणताना आमची जीभ अजून अडखळते, नाना सरळ "वालचंदनगर" म्हणतात.

आता हे काय आहे ते जेवढं समजलं तेवढं सांगतो कारण गल्लीत काय काय बोललं जातंय ते कानावर येतंय. हा रक्ताचा कॅन्सर आहे पण सिनेमात दाखवतात तसला सहा महिन्यांचा खेळ नाही, अगदी सावकाश वाढणारा आहे, बहुतेक साठी सत्तरीतल्या माणसांना होतो आणि फार क्वचित होतो, अमेरिकेत दहा लाख लोकांमागं वर्षाला साधारण 3 पेशंट सापडतात. बोनमॅरोमध्ये एका जातीच्या पांढऱ्या पेशी गरजेपेक्षा जास्त होतात आणि आयजीएम नावाचं प्रोटीन सोडत राहतात. हे प्रोटीन आकारानं मोठं, ते रक्तात साठलं की रक्त दाट होतं, काकवीसारखं म्हणा हवं तर, मग नाकातनं हिरड्यांतनं रक्त येणं, अंधुक दिसणं, डोकं जड होणं, चक्कर. मुंग्या येतात त्यापण बऱ्याचदा ह्याच प्रोटीननं नसांना त्रास दिल्यामुळं. यान वाल्डेनस्ट्रॉम या स्वीडनच्या डॉक्टरनं 1944 ला हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला तेव्हा त्यांच्या दोन पेशंटचंपण नाका-तोंडातनं रक्त यायचं, म्हणजे आपल्या नानांसारखंच. 2012 ला सापडलं की नव्वद टक्क्यांहून जास्त पेशंटमध्ये एमवायडी 88 या जीनमध्ये एकच ठरावीक बदल असतो. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाही, कृपा करून नानांचा कप वेगळा ठेवू नका.

काही पेशंटना त्रास नसेल तर डॉक्टर वर्षानुवर्षं औषधच देत नाहीत, फक्त तपासत राहतात. नानांचं रक्त दाट झालेलं म्हणून आधी प्लाझ्मा एक्स्चेंज करावं लागलं, म्हणजे मशिनमधनं रक्त फिरवून त्यातलं प्रोटीनवालं पाणी काढायचं आणि बदली अल्ब्युमिन हे रक्तातलंच साधं प्रोटीन भरायचं, त्या बाटल्या महाग असतात. त्यावेळी आपली सहा पोरं रक्त द्यायला रात्रीच पुण्याला पळाली, तिथं डॉक्टर म्हणले थांबा, रक्त दाट असताना वरनं अजून लाल पेशी भरल्या तर जास्त दाट होईल. आम्हाला आधी रागच आला, नंतर कळलं. आता बेंडामस्टिन (केमोचं औषध) आणि रिटुक्सिमॅब ही सलाईनमधनं द्यायची औषधं चालू आहेत, दर 28 दिवसांनी एक सायकल, म्हणजे औषधाचा एक फेरा. पुढं कधी आजार उलटला तर रोजच्या गोळ्यापण आहेत पण त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. बरा होऊन मुळातनं जात नाही, पण दाबून ठेवता येतो आणि माणूस बरीच वर्षं नीट जगू शकतो.

इथंच आमचं मुख्य म्हणणं आहे. पहिल्या आठवड्यात नानांना मदतीचा पूर आला, तिसऱ्या महिन्यात काकू एकट्या बस स्टँडवर उभ्या. आजार सावकाश चालणारा तर मदतपण सावकाश आणि लांब चालणारी पाहिजे, एकदम पाच हजार देऊन मोकळं होण्यापेक्षा महिन्याला 200 रुपये द्या पण वर्षभर द्या. 60 घरं तयार झाली तर महिन्याला 12 हजार होतात, त्यात जाणं-येणं, तपासण्या, एक-दोन दिवस राहणं भागतं. वय 70 च्या वर असल्यामुळं सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय, वर्षाला 5 लाखांचं कव्हर आहे, पण ते ॲडमिट करून होणाऱ्या उपचारांना, त्यातही पॅकेजमध्ये बसेल तेवढंच, गाडीभाडं आणि बाहेरच्या टेस्ट त्यात नाहीत. (तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कोण असेल तर ते कार्ड आजारी पडायच्या आधी काढा, उत्पन्नाची अट नाही.)

रक्ताचंपण तसंच. केमोमुळं अधनंमधनं लाल पेशी लागतील. मंडळाच्या शिबिरात एका दिवसात शंभर जण देतात, फोटो काढतो आपण, पण लाल पेशी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात, एप्रिल-मे मध्ये ब्लड बँकेत टंचाई असते तेव्हा आपण सगळे लग्नात. म्हणून यंदा वही केलीय, कोण कुठल्या महिन्यात देणार ते आधीच लिहायचं. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं, हिमोग्लोबिन साडेबारा पाहिजे.

नाना आधी हे लिहू नका म्हणत होते, लोकांना कशाला सांगायचं. मग आमच्यातला एक म्हणला, नाना, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पाँपिदू याच आजारानं 1974 ला पदावर असतानाच गेले, त्यांनीपण लोकांपासनं लपवलं होतं. त्यावर नाना म्हणले, त्यांना मंडळ नव्हतं. मग परवानगी मिळाली.

पैसे देणाऱ्यांनी मंडळाच्या खोलीत संध्याकाळी सातनंतर येऊन पावती घ्या. खाते नंबर, क्यूआर कोड मुद्दाम टाकला नाही, असले मेसेज फिरवून कोणपण नंबर बदलतं, तेव्हा नानांच्या नावानं कुणी ऑनलाइन पैसे मागितले तर देऊ नका. हिशोब दर महिन्याच्या पाच तारखेला खोलीबाहेर लावणार, दवाखान्याच्या बिलांसकट.

भेटायला जरूर जा पण सर्दी-खोकला असेल तर नको, त्यांची प्रतिकारशक्ती सध्या कमी आहे. आणि ज्यांच्याकडं चारचाकी आहे त्यांनी पुढच्या तीन सायकलपैकी कुठली फेरी घेणार ते वहीत लिहा. पहाटे चारला निघावं लागतं. नानांना पुढची सीट लागते, आणि गाडी सुटायच्या आधी ते मागं वळून माणसं मोजतात, तोवर थांबायचं.