नादारीच्या अर्जात सगळी नावं लिहावी लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्जापायी कुणी घर सोडलं, कुणी औषध पिलं अशा बातम्या आपल्या जिल्ह्याच्या पानावर अधनंमधनं येतातच, आणि खाली एक ओळ असते की पोलीस तपास करताहेत. त्या माणसापुढं कायद्यानं काही वाट, म्हणजे नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज, होती का, ते कधी छापून आलेलं मी तरी वाचलं नाही, म्हणून हे पत्र. मी तासगावचा, शाळेत क्लार्क, आणि साडूच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार. त्याची दीड एकर द्राक्षबाग, फुलोऱ्यात पाऊस लागला, दावण्या रोग आला, औषध दुकानाची उधारी वाढली, ती फेडायला पतसंस्था, पतसंस्थेचा हप्ता भरायला मोबाईलवरचं अ‍ॅप आणि अ‍ॅपचा तगादा थांबवायला महिना पाच टक्क्यानं सावकार. पतसंस्थेनं सहकार कायद्यातला 101 चा वसुली दाखला काढला आणि कपात सुरू झाली ती माझ्या पगारातनं.

शेवटी साडू म्हणाला, दाजी, मी दिवाळं जाहीर करतो, मोकळा होतो. म्हणलं चल, सांगलीला वकिलाला विचारू. साडीच्या दुकानाच्या पिशवीत त्यानं सगळे कागद भरून आणलेले, पासबुकं, नोटिसा, चेकबुकाची नुसती कव्हरं, आणि त्यातच एक लग्नपत्रिका आली होती चुकून. वकिलांनी टेबलावर पाच ढीग केले आणि मग दीड तास जे सांगितलं त्यातलं निम्मं मला आधी माहीत नव्हतं.

एक तर आपल्यासारख्या साध्या माणसासाठी अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. मुंबईला वेगळा आहे, तो तर 1909 चा. 2016 ला नवीन दिवाळखोरी कायदा आला त्याचा एवढा गाजावाजा झाला, पण त्यातला वैयक्तिक कर्जदाराचा भाग 1 डिसेंबर 2019 पासनं फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू केला, बाकीच्यांसाठी तो सुरूच केलेला नाही. त्यात गरिबासाठी कर्जमाफीसारखी एक सोय लिहून ठेवलीय, अटी बघा, वर्षाचं उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, कर्ज 35,000 च्या आत आणि स्वतःचं घर नको. 35,000 ला म्हैस तरी येते का आज, जनावरांच्या बाजारात विचारून या. आणि तीसुद्धा अजून कागदावरच.

मग राहिला जुना कायदा. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, किमान 500 रुपये कर्ज असलं तरी चालतं, ही अट 1920 ची आहे तशीच. कोर्टानं नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या नाहीतर कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात, तो विकून देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, वाटतो. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, बैल, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी ह्याला हात लागत नाही, मंगळसूत्रालाही नाही. पण बाग जाते. आणि जे गहाण टाकलंय त्यातनं बँक आपली वसुली करून घेतेच. अर्ज केला म्हणजे मोकळं झालं असंही नाही, नंतर मुदतीत मुक्ततेसाठी परत अर्ज करावा लागतो, नाही केला तर नादारीच रद्द होते. रुपयाला 50 पैसेसुद्धा निघत नसतील तर पूर्ण मुक्तता मिळत नाही, मात्र हे आपल्या चुकीनं झालं नाही असं कोर्टाला पटलं तर मिळू शकते. अवकाळीचे पंचनामे जपून ठेवा, वकील म्हणाले. सरकारी देणं, फसवणुकीचं देणं, बायकोपोरांची पोटगी हे मुक्ततेनंतरही सुटत नाही.

साडूनं मधेच विचारलं, घर आधी हिच्या नावानं बक्षीसपत्र करून ठेवलं तर? वकील हसले, म्हणे हा प्रश्न सगळेच विचारतात. दोन वर्षांच्या आत अर्ज झाला तर असली बक्षीसपत्रं कोर्ट मोडू शकतं. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला खूश करायला पैसे दिले तर तेही मोडतं, म्हणजे आधी मेव्हण्याचे हातउसने परत करू हे चालत नाही. लपवलं तर गुन्हा.

आता माझा प्रश्न. मी विचारलं, हा सुटला तर माझी कपात थांबणार का? नाही. कर्जदार मुक्त झाला तरी जामीनदार सुटत नाही, कायद्यात सरळ लिहिलंय. मी तिथं चहा निम्मा ठेवला ते आठवतंय. आपल्याकडं जामीन राहणं म्हणजे पानसुपारीसारखं झालंय, नाही म्हणलं की सोयरीक बिघडते, आणि सही करताना कोण वाचतो.

सावकाराच्या ढिगाबद्दल वकिलांनी वेगळंच सांगितलं. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडं करायची, 2014 चा सावकारी कायदा आहे, सावकारीच्या व्यवहारात खरेदीखत करून घेतलेली जमीन 15 वर्षांच्या आतली असेल तर परत मिळू शकते. बँकेच्या नाहीतर फायनान्सच्या वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, साडूला तर रात्री अकराला यायचे. चेक बाउन्सचं प्रकरण मात्र फौजदारी, ते वेगळं चालतं.

माझं म्हणणं एवढंच की हा 2016 चा भाग साध्या माणसासाठी का सुरू होत नाही हे आपल्या खासदार-आमदारांना कुणीतरी विचारावं, आणि तो होईल तेव्हा 35,000 चा आकडा बदलावा. तोवर आपण पेपरात नादारी अर्जाची माहिती एकदा तरी चौकटीत छापा ही विनंती.

अर्जात प्रत्येक देणेकऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम लिहावी लागते. साडूनं वहीत यादी केलीय, अकरा नावं झाली. बारावं त्याच्या थोरल्या बहिणीचं आहे, तिनं पाटल्या मोडून दिलेले पैसे. ते लिहायला त्याचा हात उठत नाही, वही महिनाभर माझ्याच कपाटात पडलीय.

आपला,
एक जामीनदार, तासगाव (जि. सांगली)