आपलेच रक्त म्हणून उपचार निर्धोक?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेट्स या गोठवणाऱ्या पेशींनी दाट झालेला भाग टोचणे) उपचारांवरचा लेख वाचला. केस गळणे, सोरायसिस, लायकेन स्क्लेरोसस हा गुप्तांगाजवळच्या त्वचेचा आजार, असे सगळे विकार त्यात एकाच माळेत ओवले आहेत. रक्तपेढीत नोकरी झाल्याने थोडे लिहावेसे वाटते.

रुग्णाचे रक्त काढून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग सुईने त्वचेत सोडतात. प्लेटलेट्समधून जखम भरण्यास मदत करणारे घटक बाहेर पडतात, हे खरेच. पण मशीन किती वेगाने आणि किती वेळ फिरवले यावर प्लेटलेट्सचे प्रमाण बदलते. त्यामुळे एका दवाखान्यातले पीआरपी आणि शेजारच्या दवाखान्यातले पीआरपी ही एकच वस्तू असेल असे नाही. लेखात याचा उल्लेखही नाही.

लायकेन स्क्लेरोससचे उदाहरण घ्या. बहुधा पाळी गेल्यानंतर बायकांना गुप्तांगाजवळ असह्य खाज सुटते, कातडी पांढरट आणि पातळ होते. लाजेपायी कोणी बोलत नाही. बोललीच तर बुरशीचे मलम मिळते, नाहीतर कोड तर नाही ना या धास्तीने ती गप्प बसते. अशी वर्षानुवर्षे कुचंबणा झालेली बाई महागड्या इंजेक्शनांच्या जाहिरातीला भुलली, तर तिला काय बोल लावणार?

यावरचा पहिल्या पसंतीचा उपचार म्हणजे क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉईडचे मलम. साधारण तीन महिने, आधी रोज आणि मग कमी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याची किंमत पीआरपीच्या एका बैठकीच्या पासंगालाही पुरणार नाही. स्टेरॉईडचे नाव काढताच आपल्याकडे घाबरतात, आणि चेहरा गोरा करायला लोकांनी मनाने तीच मलमे फासल्यावर ती भीती अगदीच अनाठायी म्हणवत नाही. पण इथे हेच औषध कामाचे आहे. उलट २०१९ साली अमेरिकेत हा विकार असलेल्या ३० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत काहींना पीआरपी, तर काहींना नुसते सलाईन टोचले. कोणाला काय दिले हे कळू दिले नव्हते. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणी लहान होती, तरी तिची दखल घ्यायला हवी होती.

'स्वतःचेच रक्त, म्हणून धोका शून्य' हे वाक्य तर छापायलाच नको होते. न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये अशीच 'व्हॅम्पायर फेशियल' (चेहऱ्याच्या त्वचेत सुयांनी पीआरपी सोडणे) घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले. रक्त स्वतःचे असले तरी सुई आणि नळी कोणाची होती, हा प्रश्न उरतोच.

त्वचारोगतज्ज्ञांकडून या विषयावर स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती. त्यात एवढे तरी यावे, की लायकेन स्क्लेरोससमध्ये थोड्या रुग्णांना पुढे कर्करोग होऊ शकतो. म्हणून कातडी जाड झाली किंवा जखम भरेना, तर इंजेक्शनाआधी बायोप्सीचे (कातडीचा तुकडा काढून तपासण्याचे) विचारावे.

– एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, सातारा