स्टँडबाय डेटाबेस बंद पडल्याबाबत तक्रार

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,
महापे, नवी मुंबई

विषय: अपडेटनंतर स्टँडबाय बंद पडणे, त्यापायी मुख्य सर्व्हर थांबणे आणि आम्हाला काहीच न कळवणे

महोदय,

ठाण्यात नौपाड्याला असलेल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस आपल्याकडे देखभालीला आहे. मुख्य सर्व्हर आमच्या लॅबमध्ये, स्टँडबाय, म्हणजे त्याची राखीव प्रत ठेवणारा सर्व्हर, आपल्या महाप्याच्या जागेत. मुख्य सर्व्हर गेला तर स्टँडबायवरून लगेच काम सुरू होईल, असे करारात आहे. प्रत्यक्षात स्टँडबायमुळेच मुख्य सर्व्हर बसला.

मागच्या अपडेटमध्ये आपल्या इंजिनिअरने नमुन्यांच्या टेबलात ‘नमुना घेतल्याची वेळ’ हा कॉलम वाढवला. मागणी आमचीच होती. पण कॉलम वाढला तो फक्त मुख्य सर्व्हरवर. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचे लॉजिकल रेप्लिकेशन (मुख्य सर्व्हरवरचे बदल स्टँडबायवर उतरवण्याची सोय) नोंदी पलीकडे नेते, टेबलाच्या रचनेतले बदल नेत नाही. २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत ही सोय आली तेव्हापासून हे असेच आहे आणि पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीत स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे ‘सॉफ्टवेअरचा दोष’ हे आपले उत्तर आम्हाला मान्य नाही.

अपडेटनंतरची पहिलीच नोंद स्टँडबायवर अडकली. तिथल्या लॉगमध्ये एकाखाली एक तीच ओळ आहे: टेबलात हा कॉलम नाही. प्रयत्न, चूक, पुन्हा प्रयत्न. आपल्या डॅशबोर्डवर मात्र हिरवा दिवा, कारण तो फक्त सर्व्हर चालू आहे का एवढेच बघतो. इकडे स्टँडबायकडून पोच येत नसल्याने रेप्लिकेशन स्लॉटने (स्टँडबायपर्यंत काय पोहोचले याचा हिशेब ठेवणारी खूण) मुख्य सर्व्हरवरच्या वॉल फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइल्स) धरून ठेवल्या आणि शेवटी डिस्क भरली.

ती सोमवारची सकाळ होती. फास्टिंग शुगरसाठी उपाशीपोटी आलेली माणसे रांगेत उभी आणि बारकोड निघेना. आमच्या मुलींनी प्रत्येक ट्यूबवर पेनाने नाव, वय आणि वेळ लिहिली. अशा वेळी दोन ट्यूबची अदलाबदल झाली तर चुकीचा रिपोर्ट थेट डॉक्टरांच्या हातात जातो, याची आम्हाला सर्वांत जास्त धास्ती होती.

आपला माणूस फोनवर म्हणाला, ‘स्टँडबायवर टाकतो.’ उघडून बघितले तर तिथला शेवटचा नमुना अपडेटच्या आधीचा! मग जागा मोकळी करण्यासाठी त्याने आम्हाला न विचारता स्लॉटच काढून टाकला. तात्पुरती डिस्क वाढवून स्टँडबायवर तो कॉलम घातला असता, तर अडकलेल्या सगळ्या नोंदी आपोआप पोहोचल्या असत्या. आता सगळा डेटा पुन्हा पहिल्यापासून कॉपी होतो आहे आणि तोवर आम्हाला स्टँडबायच नाही. शिवाय पावतीला पुढचा क्रमांक देणारा सीक्वेन्सही आपल्या आवृत्तीत पलीकडे जात नाही. तो पुढे न सरकवता स्टँडबायवर काम सुरू केले असते, तर नव्या पावत्या जुन्या क्रमांकांवर आदळून अडल्या असत्या. त्याची तयारी केल्याचे आपल्या कागदपत्रांत कुठेच दिसत नाही.

यापुढे कॉलम वाढवायचा असेल तर आधी स्टँडबायवर, मग मुख्य सर्व्हरवर; काढायचा असेल तर उलट क्रमाने. प्रत्येक बदल आम्हाला आधी लेखी कळवावा. स्टँडबाय मागे पडू लागला की आमच्या फोनवरही अलर्ट आला पाहिजे. स्लॉटने किती वॉल धरून ठेवावे याला मर्यादा घाला. त्यात एखादे वेळी स्टँडबाय नव्याने उभा करावा लागेल, ते आम्हाला चालेल. रुग्णांचे काम थांबलेले चालणार नाही. फिजिकल रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे सगळ्या डेटाबेसची जशीच्या तशी नक्कल ठेवण्याच्या पद्धतीत, रचनेतले बदलही आपोआप जातात. ते न निवडण्याचे कारणही लेखी द्यावे.

कॉपी पूर्ण झाल्यावर एखाद्या रविवारी दुपारी आमच्यासमोर स्टँडबायवर काम चालवून दाखवा: नमुना नोंदवणे, बारकोड, पावती, रिपोर्ट, सगळे. ते होईपर्यंत देखभाल कराराचा पुढचा हप्ता रोखून ठेवत आहोत. लेखी उत्तर आठवडाभरात मिळावे.

आपला,
व्यवस्थापक, संगणक विभाग
नौपाडा, ठाणे (पश्चिम)