काका, तुम्ही प्रत्येक भांड्याचं तोंड विचारलंत

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गॅलरीत आमची भांडी तुम्ही मांडलीत. आता प्रदर्शन उतरलं, भांडी खोक्यांत गेली आणि एकाही भांड्याचा टवका उडालेला नाही. मातीकाम करणाऱ्याला एवढं वाक्य पुरे. बाकीच्यांनाही कळावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

चित्र टांगणं आणि भांडं मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे फार थोड्या गॅलऱ्यांच्या गावी असतं. यापूर्वीच्या एका जागी भांडी भिंतीला पाठ लावून ओळीत उभी केली होती. किमतीच्या चिठ्ठ्या दुहेरी टेपने थेट भांड्यांवर! चकचकीत ग्लेझवरचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावरचा, गोंद ॲसिटोनने पुसला जातो. मॅट ग्लेझमध्ये आणि ग्लेझ न दिलेल्या मातीत मात्र तो छिद्रांत मुरतो, ॲसिटोन लावलं की आणखी खोल जातो. राकूच्या फुलदाणीत कुणी हौसेने पाणी भरून निशिगंध खोचला. राकूचं भांडं लालबुंद असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर काढतात. ग्लेझ तडकतं, अंग सच्छिद्र राहतं, पाणी झिरपणारच. चौथरा भिजला आणि बोल मात्र भांडं करणाऱ्याला.

तुम्ही भांड्यांना हात लावण्याआधी चौथरे हलवून पाहिलेत. प्लायचे पोकळ चौथरे वरून जड झाले की नुसत्या कोपराच्या धक्क्याने कलंडतात, म्हणून प्रत्येकाच्या तळाशी विटा रचल्यात. वाडगे ३० ते ३२ इंच उंचीवर, कारण वाडग्याचा जीव आतल्या बाजूला असतो आणि तो वरून दिसायला हवा. दोन फुटी सुरया १८ इंचांवर. बूड पाच इंचांचं आणि पोट वर, अशा सुरईत दीड किलो वाळू. तीही मोकळी नाही, तर कापडी पिशवीत बांधून. मोकळी वाळू भांडं कललं की एका अंगाला धावते आणि तोल सावरण्याऐवजी घालवते.

भांडं जागेवरून हलू नये म्हणून बुडाखाली मेण लावलंत ते हरभऱ्याएवढं, तीनच ठिकाणी. चार का नाही, हे विचारणाऱ्या मुलाला तुम्ही भांडं उलटं करून दाखवलंत: भट्टीत बूड किंचित वाकतंच, चार टेकूंवर ते डुगडुगतं, तिनांवर नाही. काढताना ओढायचं नाही, आधी पिळायचं, मग उचलायचं. टेराकोटाखाली मेण नाहीच, तेलकट डाग पडतो. तिथे फेल्टच्या चकत्या.

दिव्यांचंही तेच. पिवळ्या दिव्याखाली सेलाडॉन ग्लेझचा निळसर हिरवा रंग गढूळ होतो, म्हणून त्या कोपऱ्यात ४००० केल्विनचे, पांढऱ्या उजेडाचे दिवे आलेले दिसले. काळ्या टेनमोकू ग्लेझवर दिव्याचा पांढरा ठिपका चमकत होता, तर तुम्ही शिडीवर चढून दिवा तिरका केलात. कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरे आभार एका छोट्या प्रश्नाचे. प्रत्येक भांडं चौथऱ्यावर ठेवलं की तुम्ही हात बाजूला घेऊन विचारायचात, “याचं तोंड कुठल्या बाजूला?”

हा प्रश्न कुणी विचारत नाही, काका. चाकावरचं भांडं गोल, त्याला कसली पुढची बाजू, असं बघणाऱ्याला वाटतं. लाकडाच्या भट्टीत ज्वाळा ज्या अंगाने येते, तिथे राख बसते, वितळते आणि हिरवट काचेचे ओघळ होतात. मागचं अंग कोरडं, तांबूस राहतं. ग्लेझमध्ये बुडवताना भांडं जिथे धरलं तिथे बोटांच्या खुणा उरतात. एखादा ओघळ बुडाच्या जरा वर येऊन थांबतो. आणखी थोडा उतरता, तर भांडं भट्टीच्या फळीला चिकटून बसतं. ते अंग समोर हवं की नको, हे करणाऱ्यालाच ठाऊक. किटलीचं तर आणखीच. तोटी चौथऱ्याबाहेर गेली की ओढणी नाहीतर झोळीचा बंद अडकलाच म्हणून समजा.

भद्रावतीच्या ग्रामोदय संघात कुंभारकाम शिकलेले जुने हात असोत, पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरीत राहून आलेली मंडळी असोत, की शनिवार-रविवारच्या वर्गातली पोरं, प्रश्न सगळ्यांना तोच आणि त्याच आवाजात. एका मुलीचा साधा पांढरा वाडगा होता, चारी अंगांनी सारखा. ती गोंधळली. तुम्ही घाई केली नाहीत. तिने तो दोनदा फिरवला, काठ जिथे जरासा झुकलाय ते अंग समोर केलं, आणि तुम्ही “बरोबर” म्हणून पुढच्या खोक्याकडे वळलात. मान देणं म्हणजे शाल-श्रीफळ अशी आपल्याकडे समजूत आहे. तुमच्याकडे ना शाल होती ना नारळ, तरी तो वाडगा मांडून होईपर्यंत ती पोर वीतभर उंच झाली होती!

उतरवतानाही झाकणं वेगळी गुंडाळून त्यांवर भांड्यांचे आकडे घातलेत, छापील कागद मॅट भांड्यांना लागू दिला नाहीत कारण शाई उठते, आणि मदतीला आलेल्यांना भांड्याचा कान, म्हणजे मूठ, धरून काहीही उचलू दिलं नाहीत. त्याबद्दल दोघांना तुमची बोलणीही बसली. बरं झालं.

गॅलरीच्या निमंत्रणपत्रिकेत उद्घाटकांचं नाव होतं, प्रायोजकांचं होतं, फोटो काढणाऱ्याचंही होतं. पुढच्या वेळी ‘मांडणी’ अशी एक ओळ घालून तिच्यापुढे तुमचं नाव छापावं, असं आम्ही गॅलरीला लेखी कळवलं आहे. तुम्ही नको म्हणाल, पण पत्र गेलं आहे.

आपले,
प्रदर्शनातले आम्ही सगळे कुंभार