हर्णैच्या मावशी आणि रिक्षावाल्या दादांचे मनापासून आभार

आमची आत्या हर्णैला एकटी राहायची. निवृत्त शिक्षिका. मुंबईला चल म्हटलं की "माझ्या मांजरांना कोण बघणार?" एवढंच उत्तर. कुणाचं उपकाराचं ओझं तिला सोसायचं नाही.

यंदा जुलैत भर पावसात ती अंगणात पडली. आम्ही मुंबईत, त्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद. रस्त्याने जाणाऱ्या रिक्षावाल्या दादांनी तिला उचलून दापोलीला नेलं. तिचा म्हातारा मोती मागे धावत सुटला, तेव्हा दादांनी रिक्षा थांबवून त्या चिखलाने माखलेल्या कुत्र्याला आपल्या पायाशी घेतलं. मोती सोबत आहे हे कळल्यावरच आत्या शांत झाली म्हणे. आठवड्याभरात ती गेली.

इकडे मांजरांना कोळीवाड्यातल्या मावशींनी सांभाळलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी कुठली? मावशींनी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेले स्वतःच्या घरचे सुके बोंबील काढले, भातात शिजवले, दात पडलेल्या मनीसाठी वेगळे कुस्करले. आगोटीचा साठा म्हणजे पावसाळ्यातलं घरातलं जेवण, हे कोकणात कुणाला सांगायला नको. पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "बाईंनी माझ्या पोरीला फुकट शिकवलंय."

मोती आता आमच्याकडे आहे, मांजरं मावशींच्या ओटीवर. दादा, तुम्ही भाडंही न घेता निघून गेलात. हे वाचलंत तर गणपतीत आत्याच्या घरी जेवायला नक्की या. आम्ही सगळे तिथेच असू.